एका दिवसाची हेडबाई

वयाच्या पंधराव्या वर्षी मी एक अख्खी शाळा तासभर आधी सोडून दिली. पाचवीपासून दहावीपर्यंत सगळे वर्ग, एका दमात. एवढी सत्ता मला पुढे आयुष्यात कधी मिळाली नाही, खरीखुरी मुख्याध्यापिका झाले तेव्हासुद्धा नाही. त्या दिवशी मी शाळेची शिपाई होते आणि घंटेचा हातोडा माझ्या हातात होता. मूर्ख माणसाच्या हातात हातोडा देऊ नये, हे आमच्या वर्गशिक्षकांना कळायला हवं होतं. पण त्यांना कशाला बोल लावा? हातोडा त्यांनी दिला, मूर्खपणा माझा घरचा होता.

हे सगळं उकरून निघालं ते नातीमुळे. परवा ती शाळेतून आली ती खांद्यावरून आडवा पट्टा घालूनच. हेड गर्ल झाली म्हणे. आमच्या बदलापुरातल्या त्या इंग्रजी शाळेत यासाठी निवडणूक असते, पोस्टरं असतात, भाषणं असतात, मोबाइलवर प्रचार असतो. नगरसेवकाला लाजवतील अशी आश्वासनं असतात. पट्टा आरशात तीनतीनदा बघून झाल्यावर तिनं विचारलं, "आजी, दहावीत तू काय होतीस?"

"शिपाई," मी म्हटलं.

तिला वाटलं आजी नेहमीसारखी फेकतेय. ती हसत सुटली. मला मात्र हेडबाई आठवली आणि हसू अर्ध्यात राहिलं.

हेडबाई म्हणजे आमच्या अंबरनाथच्या शाळेतली माझी वर्गमैत्रीण. तिला खरं नाव होतं, हजेरीपुरतं. शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिच्या वडिलांचं बेल-फुलांचं आणि नारळाचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार बांबू, वर ताडपत्री आणि खाली फळी. पहाटे हार ओवून, दुकान मांडून मग ती शाळेत यायची. वर्गात ती शिरली की झेंडूचा वास तिच्या आधी बाकावर येऊन बसायचा. बोटं सदा हिरवट-पिवळी. श्रावणी सोमवारी ती हमखास उशिरा यायची, आणि सरांनी विचारायच्या आत स्वतःच दाराबाहेर उभी राहायची. "उशीर झालाय सर, पहिला तास बाहेर." शिक्षा स्वतःच ठरवायची आणि स्वतःच भोगायची. सरांना काही कामच उरायचं नाही.

ही तिची खोड मैदानावर आम्हाला फार महागात पडायची. ती आमच्या खो-खो संघाची कप्तान होती. पाठलाग करताना पाय मधल्या पाटीवर पडला तर फाउल. पंचांचं लक्ष असेल तर फाउल, नसेल तर नशीब, असा आमचा साधा हिशेब. हेडबाईचा तसा नव्हता. पंचांची शिट्टी वाजायच्या आधीच ती धावता धावता थांबायची, हात वर करायची आणि म्हणायची, "माझा फाउल." पंच बिचारा दचकून मग शिट्टी वाजवायचा.

एकदा उल्हासनगरला, कॅम्प दोन नावाच्या वस्तीच्या बाजूला, आमचा सामना होता. मैदानाच्या कडेला बाजारातले सिंधी दुकानदार हातातलं काम टाकून बघायला उभे होते. समोरच्या संघाची शेवटची पळणारी मुलगी हेडबाईच्या हाताच्या टप्प्यात आली, हिनं झेप घेतली, तिला बाद केलं, आम्ही नाचायला उठलो, आणि ही हात वर करून उभी. "माझा फाउल. पाय पडला." पंच म्हणाले, मी नाही पाहिला. ही म्हणाली, मी पाहिला ना. तेवढ्यात वेळ संपली आणि आम्ही हरलो. कडेला उभा असलेला एक जाडजूड कापडवाला मला विचारत होता, "अरे बेटा, ये तुम्हारी कॅप्टन है या उनकी?" मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी गणित अडलं म्हणून बोलले. ती दुकानाच्या फळीवर खडूनं गणित सोडवून दाखवायची. एका बाजूला नारळ, एका बाजूला आडवा-उभा गुणाकार. गिऱ्हाईक आलं की म्हणायची, "रांगेत या," आणि एकट्या आलेल्या गिऱ्हाइकालासुद्धा आपण रांगेत उभे आहोत असं वाटायचं.

मी तेव्हा कोण होते? मी कवयित्री होते. शाळेच्या भित्तिपत्रकावर दर महिन्याला माझी एक कविता लागायची, त्यात चंद्र असायचाच. चंद्र नसेल तर अश्रू. अक्षर माझं कावळ्यानं पाय आपटल्यासारखं, म्हणून ती कविता हेडबाई सुंदर वळणदार अक्षरात उतरवून द्यायची. एकदा मी तिला विचारलं, कशी वाटली? तिनं बराच विचार केला आणि म्हणाली, "समास चांगला सुटलाय." मला हे कौतुक वाटलं. किती वर्षांनी डोक्यात प्रकाश पडला ते सांगत नाही, माझी नात हे वाचेल.

तिला शिक्षिका व्हायचं होतं. दहावीनंतर डी.एड. करायचं, दोन वर्षं वसतिगृहात राहायचं आणि शाळेत लागायचं. आमच्या वर्गशिक्षकांनी परगावच्या एका कॉलेजची चौकशीही करून ठेवली होती. अडत होतं वडिलांपाशी. त्यांचं म्हणणं, दोन लहान भाऊ आहेत, दुकानाला हात पाहिजे, आणि पोरीला परगावी एकटं ठेवायचं कुणाच्या भरवशावर? माणूस वाईट नव्हता. भित्रा होता. शाळेच्या फाटकाच्या आत तो कधी आला नव्हता. शाळेत गेलं की मास्तर काहीतरी विचारतील आणि आपल्याला येणार नाही, अशी त्याला धास्ती असावी.

त्या वर्षी आमच्या सरांनी एक युक्ती केली. शिक्षकदिनाला आमच्याकडे स्वयंशासन असायचं. म्हणजे त्या दिवशी दहावीची मुलं शिक्षक व्हायची, वर्गावर जायची, आणि खरे शिक्षक शिक्षकखोलीत भजी खात बसायचे. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत दहावीतलं कुणीतरी एक. सरांनी हेडबाईला त्या खुर्चीत बसवायचं ठरवलं आणि स्वतः दुकानावर जाऊन तिच्या वडिलांना सांगून आले, "शेवटच्या तासाला या. तुमची मुलगी शाळा कशी चालवते ते एकदा डोळ्यांनी बघा. मग हो म्हणा, नाही म्हणा, मी परत विचारणार नाही."

वडील येतो म्हणाले. दिवसाउजेडी दुकान बंद करून येणार होते. असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

मला अर्थात मुख्याध्यापिका व्हायचं होतं. माझं भाषणसुद्धा तयार होतं, त्यात चंद्र होता. सरांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "तू शिपाई. घंटा द्यायला तुझ्याइतकं उतावळं दुसरं कोण आहे?" वर्ग हसला, मीही हसले आणि आतून फुगून बसले.

त्या दिवशी ती कुणाची तरी साडी नेसून आली होती. निळी, इस्त्रीची, टाचण्या लावून पायघोळ केलेली. हात पाठीमागे बांधून वऱ्हांड्यातून चालत आली आणि पाचवीतली पोरं चक्क उठून उभी राहिली. नाटक नव्हतं ते. आम्ही सगळे नाटक करत होतो, खोटे चष्मे लावून, आवाज जाड करून. कवायतीचे सर झालेल्या मुलानं तर काजळानं मिशी काढली होती. ती एकटीच खरी होती. तिनं पाण्याची टाकी बघितली, सहावीतल्या एका रडणाऱ्या पोराचं नाक पुसलं, दोन वर्गांची भांडणं सोडवली. त्या दिवसापासून तिला सगळे हेडबाई म्हणायला लागले, खरे शिक्षकसुद्धा.

आणि मला ती काम सांगत होती. "शिपाई, नववीत खडू द्या." "शिपाई, सातवीत पाणी." अहोजाहो करून सांगत होती, हे तर जास्तच झोंबत होतं. तिसऱ्यांदा तिनं मला हाक मारली आणि हळूच, मैत्रिणीच्या आवाजात म्हणाली, "शेवटच्या तासाला बाबा येणारेत गं. घंटा नीट दे हं."

हे मी ऐकलं होतं. लपवत नाही. कानात होतं, पण त्या क्षणी डोक्यात दुसरंच चाललं होतं. मला एवढंच ऐकू आलं की ही आता मला घंटा कशी द्यायची तेही शिकवणार.

आमची घंटा म्हणजे चिंचेच्या फांदीला टांगलेला रुळाचा तुकडा. तास संपला की मोजके ठोके, शाळा सुटली की लांब घंटा, हात दुखेपर्यंत. शेवटच्या आधीचा तास संपला. मी दोन ठोके दिले. मग तिसरा दिला. आणि मग थांबलेच नाही. मला वाटलं, पोरं ओरडत बाहेर येतील, हेडबाई धावत येईल, तिची ती टाचण्यांची साडी सुटेल, सगळे हसतील, मी पुन्हा ठोके देईन आणि सगळे परत वर्गात जाऊन बसतील. हा माझा बेत. लांब घंटेनंतर परत वर्गात जाऊन बसेल असं पोर या पृथ्वीतलावर जन्माला आलेलं नाही, हे कळायला मला त्या दिवशी एक मिनिट पुरलं.

दप्तरं डोक्यावर घेऊन पोरं फाटकाकडे सुटली. मी "अरे थांबा, थांबा" म्हणून ओरडत होते, आणि घाबरून आणखी ठोके देत होते. ठोके ऐकून ती आणखी जोरात पळत होती.

आणि त्या लोंढ्यातून उलट्या दिशेनं हेडबाईचे वडील आत येत होते. धुतलेला सदरा, पांढरी टोपी, आणि हातात केळीच्या पानात बांधलेला हार. मास्तरांसाठी की लेकीच्या खुर्चीसाठी, कुणास ठाऊक. पोरांचे धक्के लागत होते. त्यांनी पुडा छातीशी धरला, मग डोक्यावर धरला, आणि कुणाचं तरी दप्तर लागून तो पडला. पोरांच्या पायांतून त्यांनी हार उचलला तेव्हा आवारात ते, मी आणि वऱ्हांड्याच्या पायरीवर निळ्या साडीतली हेडबाई, एवढेच उरलो होतो.

"बाय," ते म्हणाले, "शाला सुटली पन?"

खरे मुख्याध्यापक शिक्षकखोलीतून तावातावानं बाहेर आले. "कुणी दिली ही घंटा? कुणाच्या हुकमानं?"

हातोडा माझ्या हातात होता. मी तो पाठीमागे लपवला. तेवढंच मला सुचलं. हेडबाईनं माझ्याकडे बघितलं नाही. तिनं मैदानावर करायची तसा हात वर केला.

"माझा फाउल, सर."

तिचं म्हणणं सरळ होतं, त्या दिवशी शाळा तिच्या ताब्यात होती, तेव्हा शिपायाची चूक ही तिची चूक. मुख्याध्यापकांना ते कळलंही असेल. वडिलांना कसं कळणार? त्यांना दिसलं ते एवढंच की लेकीनं मनाला आलं म्हणून शाळा सोडून दिली आणि वर कबूलही केलं. आमचे वर्गशिक्षक पुढे होऊन काही सांगायला लागले, तर त्यांनी हात जोडले.

"मास्तर, एक दिस शाला हिच्या हाती दिली, ती सांजपावतर टिकली नाय. परगावी कशाच्या भरवशावर धाडू?"

हार घेऊन ते निघून गेले. ती मागोमाग गेली, साडीच्या टाचण्या काढत.

दुसऱ्या दिवशी मी तिला गाठलं. म्हटलं, मी सरांना सांगते, घंटा मी दिली. ती भित्तिपत्रकाला टाचण्या मारत होती. म्हणाली, "काय सांगशील? माझं सांगून झालंय. एका धावेला दोन फाउल धरत नाहीत." रागावली असती तर बरं झालं असतं. मला रागावलेल्या माणसांची सवय होती.

मग मी धीर करून दुकानावर गेले. तो हार तिथेच बांबूला टांगलेला होता, सुकलेला, न विकलेला. तिच्या वडिलांना मी सगळं सांगितलं, अगदी हुंदके देऊन. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि हसले. "मैतरणीसाठी खोटा बोलतेस व्हय? चांगली पोर हायस." आणि माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. त्याआधी वर्षभर मी त्यांना इतक्या थापा मारल्या होत्या, की माझं एकुलतं एक खरं त्यांना थापच वाटलं. मी खोबरं खाल्लं. तेही सांगून टाकते.

दहावीला हेडबाई शाळेत पहिली आली. मी पास झाले, यातच आमच्या घरी पेढे वाटले गेले. मला पुढे कुठं घालायचं हा प्रश्न होता. माझे वडील कारखान्यात अधिकारी, त्यांची आणि सरांची ओळख. सर म्हणाले, डी.एड.च्या एका कॉलेजची मी चौकशी करून ठेवलीय, ती वाया जायला नको. अशी मी शिक्षिका झाले. तिच्यासाठी शोधलेल्या कॉलेजात गेले, तिथल्या वसतिगृहात राहिले, आणि शेवटी उल्हासनगरच्या एका मराठी शाळेत मुख्याध्यापिका झाले. माझ्या केबिनच्या दारावर पाटी लागली तेव्हा सगळे अभिनंदन करत होते आणि मला झेंडूचा वास येत होता.

ती दुकानातच राहिली. वडील गेल्यावर तर दुकान तिचंच झालं. भाऊ शिकले, एक बँकेत लागला. तिचं लग्न बदलापूरला झालं, नवरा टेम्पो चालवायचा, भला माणूस. तोही तिला हेडबाईच म्हणायचा. त्याला तिचं खरं नाव ठाऊक होतं की नाही याची मला शंका आहे. सकाळी तो तिला दुकानावर सोडायचा. महाशिवरात्रीला एवढी गर्दी लोटायची, पण तिच्या फळीपुढे रांग. ढकलाढकली करणाऱ्याला ती नुसतं बघायची. मी जायचे तेव्हा मलाही रांगेत उभं करायची. "मुख्याध्यापिका असाल तुमच्या शाळेत."

आम्ही सगळं बोलायचो. गुडघे, सुना, झेंडूचे भाव. त्या दिवसाचा विषय मात्र तिनं कधी काढला नाही, आणि मी काढला की ती म्हणायची, "गिऱ्हाईक आलंय." गिऱ्हाईक नसायचं.

मी मात्र माझ्या शाळेत एक नियम केला होता. स्वयंशासनाच्या दिवशी मुलांनी काहीही व्हावं, घंटा मी देणार. शिपायांना वाटायचं बाईंना हौस आहे. बटण दाबायची घंटा होती, त्यात कसली आलीय हौस? दर वर्षी बटणावर बोट ठेवून मी घड्याळाकडे बघत उभी राहायचे.

निवृत्तीच्या वर्षी मी दुकानावर गेले आणि म्हटलं, "या शिक्षकदिनाला माझ्या शाळेत ये. दिवसभर माझ्या खुर्चीत बस." तिनं हाराची गाठ मारली, दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, "बघते." मला वाटलं, येणार नाही.

आली. निळी साडी नेसून आली, या वेळी स्वतःची. हातात केळीच्या पानाचा पुडा. तिनं पाण्याची टाकी बघितली, पाचवीत जाऊन एका पोराची नखं बघितली आणि त्याला घरी कापायला सांगितलं. वर्गांतून फिरली, हात पाठीमागे बांधून. माझ्या खुर्चीला तिनं हार घातला, पण बसली नाही. मी दोनदा म्हटलं, बस गं. तर म्हणाली, "खुर्चीवर तुझी पर्स आहे." मी पर्स उचलली. तरी बसली नाही.

आता ती नाही. दोन वर्षं झाली. दुकान भाचा बघतो, रांग मोडली आहे. नात पट्टा घालून आरशापुढे उभी राहते तेव्हा तिला सांगावंसं वाटतं, की पट्ट्याशिवाय, बिल्ल्याशिवाय एक हेड गर्ल मी बघितली होती, तिचा कार्यकाळ एक दिवस, त्यातही एक तास कमी. तोंडानं सांगत नाही. तिला गंमत वाटेल, आणि मला तिच्याबरोबर हसावं लागेल.

पण ती माझ्या शाळेत आली त्या शिक्षकदिनाच्या दुपारी मी घंटेच्या बटणापाशी उभी होते आणि हेडबाई माझ्या शेजारी. घड्याळ बघून, वेळेवर, एक मिनिटही आधी नाही, मी लांब घंटा दिली. पोरं सुटली. दप्तरं डोक्यावर, बुटांच्या नाड्या लोंबत, ओरडत, एकमेकांना ढकलत. ती कठड्याला धरून बघत राहिली, शेवटचं पोर फाटकाबाहेर जाईपर्यंत. मग माझ्याकडे न बघता म्हणाली:

"पोरं सुटताना किती खूश असतात गं. त्या दिवशी मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. मी फाटकाकडे बघत होते."